यूएसबीवरून फर्मवेअर अपडेट: बूट मोड कोणता ठेवू? (यंत्रमागाचं पिक मीटर, एसटीएम३२एफ४११)

पिकमोजणी · सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागावर बसवायचं पिक मीटर बनवतो. क्रँकशाफ्टजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर, एक फेरा म्हणजे एक पिक (आडव्या धाग्याची एक फेक), डिस्प्लेवर पाळीचा आकडा. एका शेडमध्ये २४ माग. सगळे मीटर आरएस-४८५ (अनेक यंत्रं एकाच जोडीवर बोलतात ती सिरियल लाइन) च्या दोन तारांवर ओवलेले आणि तारांच्या एका टोकाला ऑफिसातला पीसी. आत ब्लॅक पिलचं मॉड्यूल आहे, म्हणजे एसटीएम३२एफ४११ मायक्रोकंट्रोलरचा तयार छोटा बोर्ड.

आजवर फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) बदलायचं म्हणजे एसटी-लिंक हा प्रोग्रामर घेऊन जायचं, चार स्क्रू काढायचे, झाकण उघडायचं, चार वायरी लावायच्या. २४ मीटरला अख्खी दुपार जाते आणि तेवढा वेळ माग बंद ठेवायला कुठला मालक तयार होणार? म्हणून आता यूएसबी. मॉड्यूलचं टाइप-सी पोर्ट झाकणाच्या कडेला आणलंय.

मला तीन वाटा दिसतायत. झाकणाला भोक पाडून बूट झिरोचं (चिप कुठून सुरू होणार ते ठरवणारं) बटण बाहेरून दाबता येईल असं करायचं. नाहीतर मेनूत 'अपडेट' असा पर्याय ठेवून प्रोग्राममधूनच आतल्या डीएफयू बूटलोडरमध्ये (यूएसबीवरून नवं फर्मवेअर घेणारा छोटा प्रोग्राम) उडी मारायची. नाहीतर स्वतःचा बूटलोडर लिहायचा, पेनड्राइव्हसारखा दिसणारा.

दुसरी वाट करून बघितली. घरी टेबलावर दहापैकी दहा वेळा चाललं. शेडमध्ये दहापैकी चार वेळा. उरलेल्या सहा वेळा डिस्प्ले विझतो, म्हणजे उडी बसली, पण लॅपटॉपला काहीच दिसत नाही. केबल तीच, लॅपटॉप तोच, माणूस मीच.

आणखी एक घोळ झाला तो पण सांगून टाकतो. पाळीचे आकडे मी फ्लॅशच्याच एका सेक्टरमध्ये ठेवत होतो. पहिल्याच अपडेटला 'पूर्ण चिप पुसा' वर टिकमार्क राहिला. आमच्याकडे मजुरी पिकांवर असते, त्यामुळे संध्याकाळी शेडमध्ये काय झालं असेल त्याची कल्पना करा. आता आकडे बाहेरच्या ईईप्रॉममध्ये आहेत.

तर यातली कोणती वाट धरू?

---

झटपट_राव · सोमवार, रात्री ९:५५

भोक पाडा, बटण ठेवा, विषय कट.

---

पिकमोजणी · सोमवार, रात्री १०:०३

राव, भोकात आठ दिवसांत कापूस भरतो. आणि बटण एक नाही, दोन. बूट झिरो दाबून धरायचं, रीसेट दाबून सोडायचं, मग बूट झिरो सोडायचं. मागांच्या आवाजात हे जॉबरला (माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला) फोनवर सांगून बघा एकदा.

---

जुना_सोल्डर · सोमवार, रात्री ११:२०

'बूट मोड' या एका शब्दात तुम्ही दोन प्रश्न भरलेत. चिप कुठून सुरू होणार, हा एक. आणि तिला तिथं पाठवणार कोण, हा दुसरा. ते सुटे करू.

एफ४ (तुमच्या चिपची मालिका) रीसेटमधून बाहेर येते तेव्हा सिस्टिम क्लॉकच्या चौथ्या चढत्या कडेला बूट झिरोची पिन वाचते आणि ती किंमत धरून बसते. त्यानंतर बटण सोडा नाहीतर दाबून ठेवा, तिला फरक पडत नाही. पिन खाली (शून्य व्होल्टला) असेल तर मुख्य फ्लॅश, हेक्स ०८०००००० पासून. वर असेल तर बूट वनकडे बघते, एफ४११ वर ती पीबी२. ती खाली असेल तर सिस्टिम मेमरी, म्हणजे कारखान्यातच भरून आलेला बूटलोडर. दोन्ही वर असतील तर रॅम. तेव्हा पीबी२ वर एलईडी, रिले काहीही लावताना ती पिन चुकून वर ओढली जात नाही ना, एवढं बघा. एका पोराचा बोर्ड मी दोन दिवस तपासत बसलो होतो, बूट झिरो दाबून पण डीएफयू येईना. पीबी२ वर पुलअप (पिन वर ओढणारा रेझिस्टर) निघाला.

सिस्टिम मेमरीतला तो बूटलोडर तुम्ही ठरवलंत तरी पुसता येत नाही. अपडेटच्या मधे वीज जाऊ दे, चुकीची फाइल जाऊ दे, फ्लॅश कोरी होऊ दे, तो तिथंच असतो. म्हणून शेडमध्ये जाणाऱ्या मालाला मी शेवटची दोरी म्हणून तोच ठेवतो.

मात्र 'एसटीएम३२ आहे म्हणजे यूएसबीवरून होणारच' असं धरून चालू नका. ब्लू पिलवरच्या एफ१०३ ला यूएसबी आहे, पण तिच्या कारखान्यातल्या बूटलोडरला फक्त सिरियल कळतं, यूएसार्ट १. त्यामुळे लोक तिच्यावर मेपलवाला डीएफयू बूटलोडर चढवतात, आणि मग बऱ्याच बोर्डांवर डी-प्लसचा पुलअप १.५ किलो-ओहमच्या जागी १० किलो-ओहमचा बसवलेला आहे हे कळायला आठवडा जातो. जी० मालिकेत आणखी एक गंमत. तिथं कारखान्यातून येतानाच ऑप्शन बाइट असा असतो की बूट झिरोच्या पिनकडे चिप बघतच नाही. बटण दाबून दाबून अंगठा दुखतो.

तुमची एफ४११ या बाबतीत सरळ आहे. पीए११, पीए१२ वर डीएफयू, ओळख ०४८३:डीएफ११.

आता मेनूतून उडी. चालू प्रोग्राममधून थेट उडी मारणं म्हणजे गॅस चालू ठेवून, नळ सोडून, दार उघडं टाकून शेजारच्या घरात राहायला जाणं. पीएलएल (क्लॉक वाढवणारा) चालू असतो, सिसटिक टायमर टिकटिकत असतो, एखादा इंटरप्ट दारात उभा असतो आणि बूटलोडरला यातलं काही ठाऊक नसतं. त्यापेक्षा उडी नकोच. आरटीसीच्या बॅकअप रजिस्टरमध्ये (रीसेटनंतरही टिकणारी जागा) एक ठरलेला आकडा लिहा आणि सरळ रीसेट घ्या. चिप पुन्हा उठली की सगळ्यात आधी, क्लॉक सेट करायच्याही आधी, तो आकडा बघा. असेल तर आधी तो पुसा, सिस्टिम मेमरी शून्य पत्त्यावर आणा, तिथला पहिला शब्द स्टॅक पॉइंटरमध्ये घाला आणि दुसऱ्या शब्दातल्या पत्त्यावर जा. आकडा पुसायला विसरलात तर नवं फर्मवेअर घालून पण चिप परत डीएफयूतच जाऊन बसेल, बॅकअपला सेल असेल तर वीज काढून सुद्धा.

हे सगळं कराच. पण घरी दहा आणि शेडमध्ये चार, हे उडीचं दुखणं मला वाटत नाही. उडीचं दुखणं घरी पण दिसलं असतं. आरएस-४८५ कुठल्या पिनांवर घेतलंय?

---

पिकमोजणी · मंगळवार, सकाळी ७:१०

यूएसार्ट १, पीए९ आणि पीए१०. सगळे तिथंच घेतात ना काका?

---

जुना_सोल्डर · मंगळवार, सकाळी ७:३४

सापडलं.

तो बूटलोडर एकट्या यूएसबीची वाट बघत बसलेला नसतो. त्याला कान बरेच. यूएसार्ट १ चा पीए१०, यूएसार्ट २ चा पीडी६, आयटूसी, एसपीआय आणि यूएसबी. जो पहिला बोलेल त्याच्याशी तो बोलायला लागतो आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवतो. सिरियलवर त्याला हेक्स ७एफ हा बाइट हवा असतो आणि त्याच्या लांबीवरून तो बॉडरेट काढतो. पण लाइनवर सारखी वर्दळ असली की तो त्यातच कसलातरी बॉडरेट शोधत अडकतो, आणि यूएसबीचं दार उघडायचं राहून जातं.

घरी टेबलावर आरएस-४८५ ची तार मोकळी. शेडमध्ये तुमचा पीसी बाकीच्या २३ मीटरना एकामागून एक 'किती पिक झाले' विचारत असतो, आणि ते सगळं २४ व्या मीटरच्या पीए१० वर ऐकू येतं. चार वेळा जमलं ते दोन प्रश्नांच्या मधल्या शांततेत जमलं.

आरएस-४८५ चा कनेक्टर काढून दहा वेळा करून बघा आणि इथं लिहा.

---

वायरमन_साताऱ्याचा · मंगळवार, सकाळी ९:०५

सोल्डर काका म्हणतात ते शंभर टक्के. मी पाण्याच्या टाकीच्या कंट्रोलरमध्ये हेच भोगलंय. पुढचं विचारतो, मॅक्स४८५ (आरएस-४८५ ची चिप) चे डीई (पाठवणं चालू करणारी पिन) आणि आरई (ऐकणं चालू करणारी) एकत्र बांधलेत का? आणि त्यांना पुल कुठला?

---

पिकमोजणी · मंगळवार, सकाळी ९:४०

एकत्र. पीए८ वरून चालवतो. १० किलो-ओहमने खाली ओढलेत.

---

वायरमन_साताऱ्याचा · मंगळवार, सकाळी १०:१२

मग बघा काय होतं ते. बूटलोडर चालू असताना पीए८ वर तुमचा ताबा नसतो, पुलडाउन पिनला खाली धरतो. डीई खाली म्हणजे ड्रायव्हर बंद, हे बरोबर, नाहीतर एका मीटरने सगळी शेड गप्प केली असती. पण आरई उलटी असते, खाली म्हणजे रिसीव्हर चालू. म्हणजे नेमका डीएफयूच्या वेळी कान उघडा.

काहीजण मग शहाणपणा करून दोन्हीचा पुलडाउन काढतात आणि पुलअप लावतात. रिसीव्हर बंद होतो खरा, पण ड्रायव्हर चालू होतो आणि अपडेट होईपर्यंत बस अडवून धरतो. एका मीटरच्या अपडेटला २३ मीटर बंद. हे मी स्वतः केलंय, नाव कुणाला ठेवू?

पुढच्या बोर्डात डीई-आरई सुटे करा. डीईला पुलडाउन, आरईला पुलअप. आणि आरओ, म्हणजे रिसीव्हरचं आउटपुट जो पीए१० ला जातो, त्याला ३.३ व्होल्टकडे १० किलो-ओहम. रिसीव्हर बंद झाला की आरओ तरंगतो, आणि तरंगती पिन कोरड्या हवेत बोटाच्या नुसत्या जवळिकीनं पण बडबडते.

---

जुना_सोल्डर · मंगळवार, सकाळी १०:३०

किंवा आरएस-४८५ पीए२, पीए३ वर न्या. यूएसार्ट २ तिथंही निघतो आणि बूटलोडर तिथं ऐकत नाही. तो यूएसार्ट २ ऐकतो पीडी५, पीडी६ वर, आणि ब्लॅक पिलवरच्या ४८ पिनांच्या चिपला त्या पिना बाहेरच आलेल्या नाहीत. दोन ट्रॅक बदलले की काम झालं. पीए१० मोकळा सोडू नका, त्याला पुलअप द्या.

---

मेकर_बाळ्या · मंगळवार, दुपारी १:१५

तुम्ही सगळे एवढे कष्ट का घेताय? पुढच्या बॅचला रास्पबेरी पाय पिको घ्या. बूटसेल दाबून केबल लावा, आरपीआय-आरपी२ नावाची ड्राइव्ह येते, फाइल टाका, झालं. बूटलोडर १६ केबीच्या रॉममध्ये, बिघडायचा प्रश्नच नाही. सॉफ्टवेअरमधून जायचं तर एसडीकेमध्ये तयार फंक्शन आहे.

---

अर्धा_व्होल्ट · मंगळवार, दुपारी २:५०

बाळ्या, पिको मलाही आवडतो. बूटसेलची युक्ती तर फारच गोड आहे, ते बटण बाहेरच्या फ्लॅशचा चिप सिलेक्ट खाली ओढतं आणि रॉम उठताना ते बघतो. वेगळी पिन खर्ची पडत नाही. पण पिकोवरच्या आरपी२०४० ची फ्लॅश चिपच्या बाहेर आहे आणि ती कुणीही वाचू शकतं. तिच्या पुढच्या आरपी२३५० मध्ये सही तपासून बूट होण्याची सोय आली, ती २०२४ मध्ये. आणि दादांनी बोर्ड छापून, सेन्सरचे ब्रॅकेट वाकवून, तीन शेडमध्ये मीटर बसवलेत. 'पुढच्या बॅचला' हे उत्तर आत्ताच्या मीटरना लागू पडत नाही.

दादा, केबल कोणाच्या हातात असणार? तुमच्या, की शेडमधल्या माणसाच्या?

---

पिकमोजणी · मंगळवार, दुपारी ३:२०

ताई, आज माझ्या. पण गिऱ्हाईक भिवंडीचं पण आलंय. तिथं मी प्रत्येक वेळी जाऊ शकत नाही. तिथं मुनीमजी आणि जॉबर.

---

अर्धा_व्होल्ट · मंगळवार, सायंकाळी ५:४५

मग लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

कारखान्यातल्या डीएफयूचं चिपच्या बाजूनं सगळं छान आहे. अडचण पीसीच्या बाजूनं येते. विंडोजला तो डीएफयू आपोआप ओळखता येत नाही, ड्रायव्हर लागतो. चिप बनवणाऱ्या एसटीचा क्यूबप्रोग्रामर टाकला तर ड्रायव्हर येतो, पण तो आख्खा डोंगर मुनीमजींच्या बिलिंगच्या पीसीवर चढवायचा म्हणजे परवानगी, अँटीव्हायरस, पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधा. झॅडिग या टूलनं ड्रायव्हर बदलता येतो, पण चुकून माउसचा ड्रायव्हर बदललेला माणूस मी पाहिलाय. मग पीसीच नको. जॉबरच्या अँड्रॉइड फोनला ओटीजी केबल लावा आणि क्रोममध्ये वेबयूएसबी वापरणारं पान उघडा. अँड्रॉइडवर ड्रायव्हरची भानगड नाही. वेबडीएफयू म्हणून ओपन सोर्स पान आहे, ते आपल्या साइटवर ठेवून त्यात मराठी बटणं घालता येतात. साइट एचटीटीपीएस हवी, नाहीतर क्रोम यूएसबीला हात लावू देत नाही.

पेनड्राइव्हसारखा बूटलोडर करायचा असेल तर यूएफ२ घ्या, साधी बिन फाइल नको. कारण सांगते. तुम्ही फाइल ड्राइव्हवर ओढता तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम तिचे तुकडे तुम्हाला हव्या त्या क्रमानं लिहीलच असं नाही. यूएफ२ मध्ये ५१२ बाइटचा प्रत्येक तुकडा स्वयंपूर्ण असतो. त्याची खूण, त्याचा पत्ता, एकूण किती तुकडे आणि त्यातला हा कितवा, सगळं त्यातच. क्रम उलटापालटा झाला तरी बिघडत नाही, आणि भलतीच फाइल टाकली तर खूण जुळत नाही म्हणून ती सोडून दिली जाते. मुनीमजी एक दिवस तिथं बिलाची पीडीएफ टाकणारच आहेत. टायनीयूएफ२ ब्लॅक पिलवर चालतो, नव्यानं लिहायची गरज नाही.

पण माझं मत विचाराल तर आत्ता यूएफ२ पण नको. मधली वाट आहे. एफ४११ ची फ्लॅश अशी कापलेली आहे: १६ केबीचे चार सेक्टर, मग ६४ चा एक, मग १२८ चे तीन. पहिल्या १६ केबीत एक राखणदार बसवा. त्याला यूएसबी येत नाही, फ्लॅश लिहिता येत नाही. तो उठल्यावर फक्त दोन प्रश्न विचारतो. बॅकअप रजिस्टरमध्ये आकडा आहे का? मुख्य प्रोग्रामचा सीआरसी (तपासणीचा आकडा) जुळतो का? आकडा असेल किंवा सीआरसी जुळत नसेल तर कारखान्यातल्या डीएफयूकडे पाठवायचं. नाहीतर मुख्य प्रोग्राम. दोनशे ओळींचं काम आहे. काकांनी सांगितलेली आकडा लिहून रीसेट घ्यायची पद्धत याच्यातच बसते.

याचा फायदा वीज गेल्यावर कळतो. नुसता मेनूतला पर्याय ठेवला आणि अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली, तर मेनूच उरत नाही. एफ४ ला काही धाकट्या चिपांसारखी 'फ्लॅश कोरी दिसली तर बूटलोडरमध्ये जा' ही सोय नाही, आणि अर्धवट लिहिलेली फ्लॅश कोरी नसतेच. राखणदार असेल तर सीआरसी चुकतो, मीटर परत डीएफयूत जाऊन बसतं आणि जॉबर तेच बटण पुन्हा दाबतो. झाकण उघडावं लागत नाही.

तीन गोष्टी विसरू नका. पहिला सेक्टर ऑप्शन बाइटनं लिहिण्यापासून सुरक्षित करा, म्हणजे कुणी ०८०००००० पत्ता देऊन फाइल टाकली तरी राखणदार जगेल. मुख्य प्रोग्राम सरकवला की व्हेक्टर टेबलचा (इंटरप्ट आला की कुठं जायचं त्याची यादी) पत्ता पण सरकवा, व्हीटीओआर. हे सगळे विसरतात आणि मग पहिल्या इंटरप्टला माती. आणि फाइल बिनऐवजी डीएफयू स्वरूपात द्या, पत्ता तिच्या आतच असतो, माणसाला टाइप करावा लागत नाही.

---

टिकली_रिले · मंगळवार, रात्री ८:३०

फार उपयोगी धागा. एक शंका. फ्लॅश कुणी वाचू नये म्हणून आरडीपी लेव्हल १ लावली तर हे चालेल का?

---

अर्धा_व्होल्ट · मंगळवार, रात्री ८:४८

नाही, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. लेव्हल १ ला कारखान्यातला बूटलोडर फ्लॅश वाचायला, पुसायला, लिहायला नकार देतो. परत लेव्हल ० वर आणता येतं, पण तेव्हा सगळी फ्लॅश पुसली जाते, राखणदारासकट. लेव्हल २ लावली तर सिस्टिम मेमरीतून बूट होणंच बंद, आणि ते कायमचं, परतीचा रस्ता नाही. म्हणजे कुलूप हवं असेल तर स्वतःचा पूर्ण बूटलोडर आणि फाइल एन्क्रिप्ट केलेली, याला पर्याय उरत नाही. ते काम दोनशे ओळींत होत नाही.

---

पिकमोजणी · मंगळवार, रात्री ९:१५

कुलूप नको ताई. आमचं फर्मवेअर चोरायच्या आधी लोकांनी ब्रॅकेट चोरलाय, त्याच्याशिवाय सेन्सर बसतच नाही.

---

जुना_सोल्डर · मंगळवार, रात्री १०:०५

एक राहिलं, थंडीच्या आधी सांगून ठेवतो.

यूएसबीला अचूक ४८ मेगाहर्ट्झ लागतात, ते बूटलोडर बाहेरच्या क्रिस्टलपासून काढतो. पण तुमच्या बोर्डावर क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे हे त्याला कोण सांगणार? म्हणून तो आतल्या आरसी ऑसिलेटरनं क्रिस्टल मोजतो आणि जवळच्या पूर्ण मेगाहर्ट्झला आकडा गोल करतो. ब्लॅक पिलवर क्रिस्टल २५ चा आहे. २५ चे २४ किंवा २६ वाचले जायला दोन टक्क्यांची चूक पुरते. आतला ऑसिलेटर २५ अंश सेल्सिअसला एका टक्क्यात असतो, पण उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात तो चार टक्के इकडे-तिकडे जाऊ शकतो. ८ चा क्रिस्टल असता तर सहा टक्क्यांपर्यंत चाललं असतं. एसटीच्या अॅप्लिकेशन नोटमध्ये पण २५ पेक्षा ८ बरा असं लिहिलंय.

हे मला नाशिकजवळच्या एका वायनरीत कळलं. टाक्यांचं तापमान मोजायचे बोर्ड होते. तळघरात डीएफयू येईना, वर अंगणात उन्हात ठेवला की येतो. बोर्ड खराब, केबल खराब, पोर्ट खराब, सगळं बोलून झालं. शेवटी घरून हेअर ड्रायर नेला, चिपवर अर्धा मिनिट गरम हवा, आणि मग डीएफयू. गिऱ्हाईक माझ्याकडे जे बघत होतं ते अजून आठवतं. पुढच्या बोर्डावर मी मुकाट ८ चा क्रिस्टल लावला.

तुमच्याकडे शेड गरम असते, सहसा त्रास होणार नाही. पण डिसेंबरात पहाटेच्या पाळीला कुणी अपडेट करायला गेलं आणि ओळख पटली नाही तर हे आठवा.

---

झटपट_राव · मंगळवार, रात्री १०:११

टूलकिटमध्ये हेअर ड्रायर. नोंद घेतली आहे.

---

पिकमोजणी · गुरुवार, रात्री १०:२५

शेडमधून आत्ता आलो. हकीकत सांगतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आरएस-४८५ चा कनेक्टर काढून पहिल्या मीटरला दहा वेळा केलं. दहापैकी दहा. दुसरा मीटर, दहा. मी खूश. मग म्हटलं सगळेच करून टाकू. एकेक करत २३ झाले, एकही अडला नाही, प्रत्येकी दोन मिनिटं, माग एकाच वेळी बंद ठेवावे लागले नाहीत.

२४ वा अडला. कनेक्टर काढलेला, तरी दिसेना. पाच वेळा, सहा वेळा. हेअर ड्रायर नव्हता, हाताने चोळून चिप गरम केली, जॉबर हसायला लागला. मॉड्यूल बदललं, तरी तेच. मग लक्षात आलं, हा लाइनच्या शेवटचा मीटर आहे.

---

वायरमन_साताऱ्याचा · गुरुवार, रात्री १०:३३

टर्मिनेशन! लाइनच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर त्याच्याच बोर्डावर आहे ना?

---

पिकमोजणी · गुरुवार, रात्री १०:४१

बोर्डावर, सोल्डर केलेला. कनेक्टर काढला तरी तो ए आणि बी च्या मधे बसलेलाच राहतो. बाकी मीटरच्या इनपुट मोकळ्या झाल्या की आरओ वर जाऊन शांत बसतो, याच्या होत नाहीत.

---

वायरमन_साताऱ्याचा · गुरुवार, रात्री १०:५०

बरोबर. मॅक्स४८५ इनपुट पूर्ण उघडी असेल तर आउटपुट वर धरतो. १२० ओहम मधे असला की ए आणि बी जवळपास एकाच व्होल्टेजला येतात, आणि तेव्हा आउटपुट वर की खाली याची तो हमी देत नाही. शेजारी मागाची मोटर चालू असली की तो नाचणारच. ए ला वर आणि बी ला खाली ओढणारे बायसचे रेझिस्टर लावा, किंवा टर्मिनेशन कनेक्टरच्या बाहेरच्या बाजूला न्या.

---

पिकमोजणी · गुरुवार, रात्री ११:०८

आज तात्पुरतं रेझिस्टरचा एक पाय उचलून अपडेट केलं आणि परत चिकटवला. उद्या तिथं जंपर घालतो.

आता ठरलं ते असं. आत्ताच्या मीटरना ताईंचा राखणदार आजच्याच फेरीत गेला, आठ केबीत मावला. पहिला सेक्टर सुरक्षित केला. मेनूत 'अपडेट' आला की डिस्प्लेवर आधी मोठ्या अक्षरात 'डेटा वायर काढा' आणि मगच रीसेट. फाइल डीएफयू स्वरूपात. ऑफिसच्या पीसीच्या प्रोग्राममध्ये 'थांबा' बटण पण घातलंय, तेवढा वेळ तो कुणाला काही विचारत नाही. म्हणजे कुणी वायर काढायला विसरलं तरी बरं.

पुढच्या बोर्डात आरएस-४८५ पीए२-पीए३ वर, डीई-आरई सुटे, पीए१० ला पुलअप. ब्लॅक पिल काढून चिप थेट बोर्डावर घेतोय तर क्रिस्टल ८ चा. भिवंडीला फोनवरून वेबडीएफयू चालतंय का ते पुढच्या आठवड्यात बघतो, जॉबरचा फोन कसला आहे ते विचारायचंय. यूएफ२ सध्या नाही.

सोल्डर काका, ताई, वायरमन दादा, तुम्ही नसता तर मी अजून केबलच बदलत बसलो असतो.

---

मेकर_बाळ्या · शुक्रवार, सकाळी ८:२०

राखणदाराचा कोड टाका ना इथं दादा. माझ्या प्रोजेक्टला एफ०७२ आहे, तिला पण चालेल का?

---

अर्धा_व्होल्ट · शुक्रवार, सकाळी ९:०२

कल्पना चालेल, कोड जसाच्या तसा नाही. एफ०७२ म्हणजे कॉर्टेक्स एम० आहे, तिला व्हीटीओआरच नाही. व्हेक्टर टेबल रॅमच्या सुरुवातीला कॉपी करून मेमरी रीमॅप करावी लागते. त्या बदल्यात एक सुख आहे, तिच्या डीएफयूला बाहेरचा क्रिस्टल लागत नाही, त्यामुळे काकांचा हेअर ड्रायर घरीच राहू दे. वेगळा धागा काढ, तिथं लिहू.

---

झटपट_राव · शुक्रवार, सकाळी ९:३०

सगळं वाचलं. एकच सांगा, नवीन बोर्डावर बूट झिरोचं बटण ठेवलंत की नाही शेवटी?

---

पिकमोजणी · शुक्रवार, सकाळी ९:४४

ठेवलं राव. झाकणाच्या आत.